लिंक दिली म्हणजे संदर्भ दिला?

तळियेच्या दरडीत किती माणसं गेली, असं इंटरनेटला विचारलं तर उत्तर एक मिळत नाही. २२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी महाड तालुक्यातल्या या गावावर डोंगर कोसळला. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत मृतांचा आकडा तिसांच्या घरात होता. पुढचे काही दिवस तो चढत गेला, आणि शोधकार्य थांबवून न सापडलेल्यांनाही मृतांत धरल्यावर ऐंशीच्या पुढे पोचला. त्या सगळ्या बातम्या आजही नेटवर शेजारी शेजारी आहेत. त्या त्या वेळी जे हाती होतं तेच प्रत्येकीने सांगितलं होतं. आता एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या लघुप्रबंधात यातला एक आकडा उचलला आणि खाली ओळभर लांबीचा वेबपत्ता चिकटवला, तर परीक्षकाने काय समजायचं? आकडा कधीचा, कुणी दिलेला, चालू की अंतिम, यातलं काहीच त्या पत्त्यातून कळत नाही.

ऑनलाइन मजकुराचा संदर्भ नीट कसा द्यायचा, हा वाद सगळीकडेच आहे. पण महाड-पोलादपूरकडे त्याला वेगळी धार येते, कारण इथल्या विद्यार्थ्यांसाठी इंटरनेट हेच बऱ्याचदा एकमेव ग्रंथालय असतं. म्हणून तो वाद मी दोघांच्या तोंडी घातला आहे. मामा महाडचे, ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले. भाची पोलादपूरची, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. २००५ आणि २०२१ या दोन सालांतल्या दरडींवर ती लघुप्रबंध लिहिते आहे, आणि पहिलं प्रकरण या दोन तालुक्यांच्या इतिहासाचं आहे. दोघंही कल्पनेतली आहेत. मध्ये कुठे राहवलं नाही तर मीही बोलेन.

भाची : मामा, गाईडनी संदर्भसूची परत पाठवली. निम्म्याहून जास्त नोंदींपुढे लाल खुणा आहेत. पानभर काम वाढलं माझं.

मामा : बघू. हे काय? ‘स्रोत : गुगल.’ खाली ‘स्रोत : यूट्यूब.’ आणि इथे तर नुसते पत्तेच पत्ते. अगं, शिवथरघळीला जाताना एखाद्या वाटाड्याने रस्ता दाखवला, म्हणून दासबोध वाटाड्याने लिहिला असं म्हणशील का?

भाची : गुगलचं कबूल, ती चूक आहे. पण बाकी ठिकाणी लिंक दिलीय ना! लिंक दाबली की पान उघडतं, मी काय वाचलं ते समोर दिसतं. याहून सरळ संदर्भ कुठला? पुस्तकाचं नाव आणि पान लिहिलं, तर वाचणाऱ्याला ते पुस्तक शोधायला पुण्या-मुंबईला जावं लागेल. माझी लिंक तो जागेवर बसून तपासेल.

मामा : आज तपासेल. पाच वर्षांनी? सरकारी संकेतस्थळाची मांडणी बदलली की जुने पत्ते मरतात. वर्तमानपत्राने आपली वेबसाइट नव्याने केली की जुन्या बातम्या भलत्याच पत्त्यावर जातात, नाहीतर जातातच. अमेरिकेत हार्वर्डच्या अभ्यासकांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांमधले वेबपत्ते तपासले होते. २०१४ मध्ये तो अभ्यास छापून आला. जवळजवळ निम्म्या पत्त्यांवर मूळ मजकूर उरला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची ही गत, तर तुझ्या लघुप्रबंधाची काय कथा!

भाची : आणि कागद टिकतो? २०२१ च्या जुलैत महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हा किती घरांतली, किती दुकानांतली कागदपत्रं चिखलात गेली, ते तू डोळ्यांनी पाहिलंस. सावित्री नदी काय पीडीएफ आणि पोथी असा भेद करते?

मामा : महाडमधली प्रत गेली. पण छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी असते, आणि ती असावी म्हणून कायदा आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. त्यातलं एक मुंबईत आहे. पुस्तक वाहून गेलं तरी पुस्तकाचा संदर्भ वाहून जात नाही, तो असा.

भाची : मग वेबसाइटसाठी असा कायदा का नाही? तो नसला तर दोष माझा कसा?

भाचीचा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनने २०१३ पासून तिथल्या वेबपानांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयांत जमा करायची कायदेशीर सोय केली. आपल्याकडे मराठी वेबपानं जपण्याची जबाबदारी कायद्याने कुणावरच टाकलेली नाही. कोकणातल्या एखाद्या दैनिकाची वेबसाइट बंद पडली, तर दरडीच्या त्या आठवड्याची नोंद तिच्यासोबत जाईल. एवढ्या मोठ्या त्रुटीचा भार एकेका विद्यार्थ्याच्या तळटीपेवर येतो, हे अन्यायाचं आहे. पण भार येतोच, म्हणून तो कसा पेलायचा हे शिकवावं लागतं; आणि बहुतेक ठिकाणी ते शिकवलं जात नाही. विद्यार्थ्याच्या हातात नमुन्याची एक झेरॉक्स पडते, आणि तीत स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम कुठे, एवढंच असतं.

मामा : दोष तुझा नाही, काम तुझं आहे. चल, चवदार तळ्याची नोंद काढ.

भाची : ही बघ. सत्याग्रह २० मार्च १९२७. लिंक दिलीय.

मामा : लिंक कुणाची?

भाची : एका ब्लॉगची. पण तारीख बरोबर आहे, सगळ्यांना माहीत आहे ती.

मामा : तारीख बरोबरच आहे. १९ आणि २० मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि दुसऱ्या दिवशी बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले. पुढच्या परिच्छेदात तू किती लोक होते तेही लिहिलंयस. तो आकडा ब्लॉगवाल्याने कुठून घेतला?

भाची : ते त्याने लिहिलेलं नाही.

मामा : मग उद्या दुसरा कुणी तुझा लघुप्रबंध पुढे करून तोच आकडा लिहील, तिसरा त्याचा लेख पुढे करील. नेटवर कुठे अडीच हजार, कुठे पाच हजार, कुठे दहा हजार. मार्चची परिषद आणि २५ डिसेंबरची मनुस्मृती जाळली ती परिषद, या दोन्हींची सरमिसळ केलेला मजकूरही सापडतो. ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक ३ एप्रिल १९२७ चा, म्हणजे परिषदेनंतर पंधरवड्याच्या आतला. तो का नाही उघडलास?

भाची : कुठे मिळणार तो मला पोलादपुरात? इथेच माझं आणि तुझं बिनसतं. मुंबईला जायचं म्हणजे पहाटेची एसटी, दिवसभर तिथे बसणं, मुक्कामाला कुणाचं तरी घर. आई एकटीला पाठवायला तयार नसते. ज्याच्या दाराशी मोठं ग्रंथालय आहे, त्याने मूळ अंक पाहा म्हणावं. माझ्या हातात फोन आहे, आणि फोनवर जे दिसतं ते मी वाचते.

मामा : त्याच फोनवर ‘बहिष्कृत भारत’ मिळतं. महाराष्ट्र शासनाने ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचं पुनर्मुद्रण १९९० मध्ये काढलं, वसंत मून संपादक. त्या जाड ग्रंथाची पीडीएफ नेटवर आहे.

भाची : म्हणजे ऑनलाइन चालतं तुला!

मामा : ऑनलाइन चालत नाही असं मी म्हटलं कधी? काय वाचलंस ते सांग, एवढंच म्हणतोय. पीडीएफ वाचलीस तर तिच्यातल्या पुस्तकाचा संदर्भ दे : ‘बहिष्कृत भारत’, अंकाची तारीख, मग पुनर्मुद्रण, संपादक, साल, पान. शेवटी, पीडीएफ अमक्या संकेतस्थळावर अमक्या दिवशी पाहिली. मूळ अंक हातात घेतल्याचा आव आणायचा नाही. पुनर्मुद्रण पाहिलंस तर पुनर्मुद्रण लिहायचं.

भाची : आणि मूळ कुठेच मिळालं नाही, दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातच तो उतारा वाचला असेल तर?

मामा : तर तसं लिहायचं. ‘अमुक ग्रंथात उद्धृत.’ लोकांना ते कमीपणाचं वाटतं. ब्लॉगवर वाचलेलं वाक्य उचलायचं आणि खाली मात्र ब्लॉगने दिलेल्या ग्रंथाचं नाव टाकायचं, ही रीत फार पसरलीय. न वाचलेल्या पुस्तकाचं पान सांगणं म्हणजे खोटी साक्ष.

भाची : खोटी साक्ष म्हणजे फारच झालं, मामा.

मामा : चवदार तळ्याचा खटला वाच, मग म्हण. महाडमधल्या सवर्णांनी दावा लावला होता की तळं आमचं आणि अस्पृश्यांनी पाणी न भरण्याची रूढी पूर्वापार. प्रकरण नऊ वर्षांहून जास्त चाललं. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळलं, कारण ती रूढी अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही. ‘पूर्वापार चालत आलंय’, ‘सगळ्यांना माहीत आहे’ असं म्हणणाऱ्यांना न्यायालयाने विचारलं, पुरावा काय? तुझी तारीख ‘सगळ्यांना माहीत आहे’ म्हणून नको लिहूस. या गावात तर नकोच.

इथे मला एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. महाडच्या इतिहासावर लिहिणाऱ्याने तो निकाल स्वतः वाचावा. इंग्रजीत आहे, पण लांब नाही, आणि फोनवर फुकट मिळतो. तळ्याचं क्षेत्रफळ, भोवतीचे रस्ते, आजूबाजूची घरं, सगळं त्यात आहे. परीक्षेच्या पुस्तकांत निकालाचं सार दोन ओळींत उरतं. वादी काय म्हणत होते आणि न्यायालय पायरीपायरीने कसं विचार करत गेलं, ते त्यात येत नाही.

भाची : वाचला होता मी तो. ‘इंडियन कानून’वर. म्हणून ‘इंडियन कानून’ची लिंक दिली.

मामा : शाब्बास. आता वकील तो निकाल कसा सांगतात बघ. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर, १९३७, बॉम्बे लॉ रिपोर्टर, खंड ३९, पान १२९५. यात वेबसाइट कुठेच नाही. ती उद्या बंद पडली तरी हा पत्ता चालतो. दुसऱ्या साइटवर, जुन्या वकिलाच्या कपाटात, विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, कुठेही हाच निकाल निघेल. साइटचं नाव शेवटी जोड, वाचलं कुठे ते कळावं म्हणून.

भाची : म्हणजे पत्ता मजकुराचा द्यायचा, जागेचा नाही?

मामा : आणि ही काही इंग्रजांकडून आलेली गोष्ट नव्हे. दासबोधाचा संदर्भ आपण कसा देतो? दशक, समास, ओवी. वीस दशक, दोनशे समास. सज्जनगडची प्रत घे, घरातली लाल कापडात बांधलेली घे, मोबाइलवरचं ॲप घे, तीन आकडे सांगितले की ओवी सापडते. ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी. तुमच्या पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांच्या ‘शिवभारता’ची पोथी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात होती, स. म. दिवेकरांनी संपादन केलं आणि १९२७ मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ती छापली. आज तिच्या पीडीएफ चार ठिकाणी असतील, पानांचे आकडे वेगळे असतील. अध्याय आणि श्लोक सांग, पुरे.

भाची : संशोधनाच्या लेखांना डीओआय क्रमांक असतो, तोही असाच ना? मासिकाची साइट बदलली तरी क्रमांक तोच राहतो.

मामा : तोच विचार. जिथे डीओआय असेल तिथे तो द्यायचा, लांबलचक पत्ता नको. विकिपीडियावर प्रत्येक लेखाच्या जुन्या आवृत्त्या जपलेल्या असतात, ‘इतिहास पहा’मध्ये जाऊन ज्या दिवशीची आवृत्ती वाचलीस तिचा कायमचा दुवा मिळतो. तो द्यायचा. विकिपीडियावरचं विधान मात्र त्याच्या तळटीपेत जाऊन मूळ ठिकाणी तपासायचं. मराठी विश्वकोशाच्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. तुमच्यातलं कुणीही ते लिहीत नाही, नुसतं ‘मराठी विश्वकोश’ लिहून मोकळे होता. वाईला बसून ज्यांनी नोंदी लिहिल्या, तपासल्या, त्यांची नावं अशी पुसायची?

भाची : लिहीन. गॅझेटियरचंही बदललंय मी. ‘रायगड जिल्हा गॅझेटियर, १८८३’ लिहिलं होतं.

मामा : १८८३ मध्ये रायगड जिल्हा होता कुठे! कुलाबा होता. जिल्ह्याचं नाव १९८१ ला बदललं. आणि १८८३ चं बॉम्बे प्रेसिडेन्सीचं वेगळं, १९६४ चं महाराष्ट्र शासनाचं वेगळं. नेटवर दोन्ही ‘कुलाबा गॅझेटियर’ म्हणूनच निघतात. टंकलेल्या पानांना पृष्ठांक नसतात, म्हणून स्कॅन केलेली प्रत शोध आणि पान तिच्यातून घे.

भाची : मामा, आता मी विचारते. मागे उमरठला गेलो होतो, तानाजींच्या समाधीपाशी, तेव्हा तू म्हणालास की कोंढाण्याचं सिंहगड हे नाव तानाजी पडल्यावर ठेवलं ही गोष्ट खरी नाही. ते मी पहिल्या प्रकरणात घेतलंय. खाली काय लिहू?

मामा : तानाजी पडले ४ फेब्रुवारी १६७० ला. त्याच्या आधीच्या, १६६३ सालच्या शिवाजी महाराजांच्या पत्रात सिंहगड असं नाव येतं. इतिहासकारांनी हे कधीच दाखवून दिलंय.

भाची : कुठल्या पत्रसंग्रहात? कितवं पत्र? पान?

मामा : ते बघून सांगावं लागेल.

भाची : मग माझ्या संदर्भसूचीत मी काय लिहिणार, ‘मामा, उमरठ’? तू सांगितलंस आणि ब्लॉगवाल्याने सांगितलं, यात परीक्षकाच्या दृष्टीने फरक काय?

मामा : काहीच नाही. तू बरोबर बोलतेस. पत्र हाती येईपर्यंत ते वाक्य प्रकरणात घेऊ नकोस.

भाचीने इथे पकडलं ते नेमकं पकडलं. शिवकालावर आपल्याकडे जेवढं बोललं जातं, तेवढं दुसऱ्या कशावरच बोललं जात नसेल, आणि त्यातलं फार थोडं पत्त्यासकट बोललं जातं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापायला घेतली ती हीच खोड मोडायला. घराघरांतली दप्तरं उलगडून त्यांनी पत्रं तशीच्या तशी लोकांपुढे ठेवली, म्हणजे राजवाडे काय म्हणतात यावर कुणी विसंबून राहायला नको. त्यांच्याशी भांडायचं तर त्यांच्याच छापलेल्या कागदांवरून भांडता येतं. आज व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या शिवकालीन ‘माहिती’त भांडायलासुद्धा कागद नसतो. उमरठच्या समाधीवर दरवर्षी माणसं येतात, श्रद्धेने येतात. त्यांच्या श्रद्धेला पत्राच्या तारखेने धक्का बसत नाही.

मामा : आता मुख्य विषयावर ये. दरडी.

भाची : तिथे तुझी पद्धत तोकडी पडते, आधीच सांगते. २००५ ला जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे दरडी आल्या तेव्हा गावात कॅमेऱ्याचे फोन नव्हते. त्यांची नोंद वर्तमानपत्रांत आणि सरकारी अहवालांत आहे, तिथे तू म्हणतोस तसं पान, तारीख, सगळं देता येतं. २०२१ ला तळिये झालं, आमच्याकडे साखर सुतारवाडी आणि केवनाळे झालं. रस्ते बंद, नेटवर्क गेलेलं. पत्रकार पोचायच्या आधी जे होतं ते गावच्या पोरांच्या फोनमध्ये होतं. नंतर ते व्हॉट्सॲपवर आलं, फेसबुकवर आलं. तोच पहिला पुरावा आहे. आणि गाईड म्हणतात, सोशल मीडियाचे संदर्भ विद्यापीठात चालत नाहीत.

मामा : गाईडची भीती मला कळते. पावसाळ्यात कुठल्याही गावची दरड आपल्या तालुक्यातली म्हणून फिरते. व्हिडिओ कुणी काढला, कधी काढला, पोस्ट कुणी केला, कधी केला, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्याकडे त्यातली शेवटचीच आहे.

भाची : केवनाळ्याच्या व्हिडिओच्या चारही आहेत. ज्याने काढला त्याला मी भेटले. मूळ फाइल त्याच्या फोनमध्ये आहे, तारीख आणि वेळ तिच्यावर आहे. फेसबुकवर फिरतोय तो कापलेला आहे, आणि वर भलतंच गाव लिहिलंय.

मामा : मग फेसबुकची लिंक कशाला देतेस? तुझा संदर्भ मूळ फाइलचा. केवनाळ्याच्या ग्रामस्थाने काढलेली मोबाइल चित्रफीत, चित्रित केल्याची तारीख, तुला दिल्याची तारीख, प्रत तुझ्या संग्रहात. त्याचं नाव लिहायचं का, ते त्याला विचारून.

भाची : नाव नको म्हणाला. त्याच्या घरातली माणसं आहेत त्यात.

मामा : तर नाव नको. ‘नाव राखून ठेवले आहे’ असं लिही. आणि फाइलची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बंद ठेवता येईल का, ते विचार. परीक्षकाला हवी तर दाखवता आली पाहिजे.

भाची : बघ, म्हणजे तूही फोनवरच्या पुराव्याला पुस्तकासारखं वागवतोस. मग ‘सोशल मीडिया चालत नाही’ हा नियम टाकाऊच ना?

मामा : टाकाऊ म्हणणार नाही. आळशी माणसाला तो अडवतो. तुझ्यासारखीलाही अडवतो, हा त्याचा दोष. तू चार गोष्टी शोधून काढल्यास म्हणून मी मान्य करतोय. वर्गातले बाकीचे काढतील?

भाची : नियम बाकीच्यांना बघून करायचा आणि शिक्षा मला?

यावर मामांपाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशीही पुरतं नाही. पण माझं मत भाचीच्या बाजूने झुकतं. डोंगराखालच्या वाड्यांचा इतिहास आजवर बाहेरून आलेल्यांनी लिहिला. तिथल्या माणसाने स्वतः केलेली नोंद पहिल्यांदाच हाताशी आहे, ती केवळ फोनमध्ये आहे म्हणून बाजूला सारणं चूक ठरेल. विद्यापीठाने ती नाकारण्याऐवजी तपासायची कशी हे शिकवावं.

मामा : बातम्यांचं काय केलंस?

भाची : लिंका.

मामा : ऑनलाइन बातमीचा मजकूर त्याच पत्त्यावर बदलत जातो. सकाळी एक आकडा, दुपारी दुसरा, मथळाही दुसरा. म्हणून चार गोष्टी हव्यात : बातमीदाराचं नाव असेल तर ते, मथळा जसाच्या तसा, प्रसिद्धीची आणि शेवटच्या बदलाची वेळ, आणि तू पाहिल्याची तारीख. मग इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या पानाची प्रत जतन कर आणि तो पत्ता पुढे जोड.

भाची : जतन केलं म्हणजे टिकलंच का? ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवरच हल्ला झाला होता, काही दिवस बंद होतं ते.

मामा : म्हणून पानाची पीडीएफ काढून पेन ड्राइव्हवर ठेव, एक प्रत गाईडकडे. एकाच ठिकाणी विश्वास नको, मग ते महाड असो की आर्काइव्हचं सॅन फ्रान्सिस्को.

भाची : एवढं सगळं एका तळटीपेसाठी! वर्गातले म्हणतात, सॉफ्टवेअरमध्ये साम्य दहा टक्क्यांच्या खाली आलं की सुटलो. यूजीसीचा २०१८ चा नियमच आहे तसा.

मामा : दहाच्या वर गेलं की टप्प्याटप्प्याने कारवाई, लेखन सुधारून देण्यापासून नोंदणी रद्द होण्यापर्यंत, असा तो नियम. चोरी पकडायला तो हवा. पण सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. तळियेचा आकडा चुकीच्या दिवसाचा असला तर ते सॉफ्टवेअरला दिसत नाही. शब्द बदलून लिहिलेली चूक शून्य टक्के साम्याने पास होते.

भाची : एकीने तर चॅटबॉटकडून सूचीच बनवून घेतली. लेखक, साल, पान, सगळं सुरेख. त्यातली दोन पुस्तकं कुठेच नाहीत.

मामा : न्यूयॉर्कमध्ये २०२३ ला वकिलांनी अशा यंत्राने रचलेले निकाल न्यायालयापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. तुझ्या मैत्रिणीला सांग, जे उघडून वाचलं नाही ते सूचीत नाही. बाकी एपीए की एमएलए, स्वल्पविराम की अर्धविराम, ते गाईड म्हणतील तसं कर. त्यावर वाद घालू नको.

भाची : बरं, मग आता सांग. तळियेचा आकडा कुठला लिहू? गाईड म्हणतात एकच लिही.

मामा : मजकुरात शासनाचा अंतिम. तळटीपेत आधीचे, तारखेसह.

भाची : शासनाचा अंतिम कुठला? पत्रकातला, की मदतवाटपाच्या यादीतला? बातम्यांत ‘प्रशासनाच्या माहितीनुसार’ एवढंच असतं. प्रशासनाची ती माहिती मी अजून पाहिलेली नाही.

मामा : मग माहिती अधिकारात अर्ज कर. उत्तराच्या पत्राला जावक क्रमांक असतो, तारीख असते, सही असते. त्याहून पक्का संदर्भ मिळणार नाही तुला.

भाची : तीस दिवस लागतील. लघुप्रबंध त्याच्या आधी जमा करायचाय.

मामा : तर हाती असलेला आकडा स्रोतासह लिही, आणि तळटीपेत सांग की अधिकृत माहितीसाठी अमक्या तारखेला अर्ज केला आहे, उत्तर यायचं आहे.

भाची : तसं चालतं?

मामा : व्हायवाला विचारतील. तेव्हा अर्जाची पोच दाखव.

भाची : उद्याच टाकते मग. सोबत २००५ च्या चार गावांची माहितीही मागते, आणि साखर सुतारवाडी-केवनाळ्याची पोलादपूरच्या तहसीलला वेगळी. तेवढा अर्जाचा मजकूर बघशील का?